हाईमभाऊंचा टंगस्टन आणि वहिनींचा मलिदा

हाईमभाऊंना भेटायला कुणीही येवो, अगदी कौन्सिलचा माणूस का असेना, ते आधी "हात पुढे करा" म्हणतात. त्याने बिचकत हात पुढे केला की तळव्यावर काडेपेटीएवढा एक करडा ठोकळा ठेवतात. हात खाली जातो, माणूस "ओ माय गॉड" म्हणतो आणि सत्तरी ओलांडलेले हाईमभाऊ शाळेतल्या पोरासारखे खूश होतात. "शिसं याच्यापुढे कापूस हो, कापूस! हा टंगस्टन." हा प्रयोग मी इतक्यांदा पाहिलाय की मला त्याचा वीट आलाय. तरी नवा माणूस आला की मीही हातातलं काम टाकून बघायला उठते.

मी वरदा. कॉव्हेंट्रीत हाईमभाऊंच्या वर्कशॉपमध्ये फोन, बिलं, पॅकिंग आणि भांडणं ही चार खाती माझ्याकडे. मशीनवर ते, मदतीला दोघं जण, आणि आम्ही काय बनवतो म्हणाल, तर डार्ट. पबमध्ये भिंतीवरच्या गोल बोर्डावर फेकतात ते. मिरजेच्या माझ्या मावशीला हे अजून पटलेलं नाही. "बाण करायचा कारखाना? विलायतेत?" असं ती दर फोनला विचारते. मीही दर फोनला हो म्हणते.

हाईम वाकरूळकर हे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. मूळ गाव पेणजवळचं, जन्म माझगावचा. वडिलांबरोबर लहानपणीच इकडे आले, मशीन टूल्सच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले आणि पुढे तो कारखानाच बंद पडला. लोक हिशेबाचे पैसे घेऊन घरी गेले. हे लिलावातून स्वतःचीच लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, विकत घेऊन आले. दोन खोल्यांच्या घरात ती कुठे ठेवायची यावरून जेमिमावहिनींनी त्यांच्याशी पुष्कळ दिवस अबोला धरला होता म्हणतात, आणि मला त्यांचं अजिबात नवल वाटत नाही.

तेव्हा डार्ट पितळेचे असायचे, बोटाएवढे जाड. बोर्डावर सगळ्यात जास्त गुण देणारी पट्टी अगदी चिंचोळी. तीत एक जाडा डार्ट बसला की दुसऱ्याला जागाच नाही. डोरीन नावाची एक बाई, बसची ड्रायव्हर आणि पबच्या लेडीज टीमची कॅप्टन, एकदा वैतागून म्हणाली, "हाईम, तू एवढा मोठा टर्नर ना, मग याचं काहीतरी कर." हाईमभाऊंनी कुठूनसा टंगस्टनचा रॉड आणला. धातू जड, त्यामुळे वजन तेवढंच आणि डार्ट पेन्सिलीहून बारीक. तीनही एका पट्टीत मावले. डोरीनची टीम त्या वर्षी जिंकली आणि आमचा धंदा सुरू झाला. टंगस्टनचा डार्ट काही त्यांनी शोधून काढला नाही, पण डोरीनला हे कोण सांगणार?

आणि हा धातू कापायचा म्हणजे गंमत आहे. साधं हत्यार त्याच्यापुढे टिकत नाही. कापायला टंगस्टन कार्बाइडचं टोक लागतं. "काट्यानेच काटा काढायचा," असं हाईमभाऊ म्हणतात. मग त्यांची गाडी सुटते. खाणीत खडक फोडणाऱ्या ड्रिलला तो लागतो, विमानाचे भाग कापायला लागतो, एक्स-रेच्या नळीत लागतो, तुमचा फोन खिशात थरथरतो त्या चिमुकल्या वजनातही बहुतेक तोच. आणि तोफगोळ्यांतही लागतो, हे शेवटी, जरा हळू आवाजात.

आमचं वर्कशॉप शनिवारी कडकडीत बंद आणि रविवारी उघडं. शुक्रवारी सूर्य मावळला की हाईमभाऊंचा फोन बंद, गाडी बंद, सगळं बंद, ते थेट शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. "आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शनवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. मी शनवार टर्नर," असं सांगतात. ऐकायला छान आहे. पण याचा जाच कुणाला झाला असेल तर तो वहिनींना.

त्यांचा मुलगा ऍरन लेस्टरच्याही पलीकडे एका खेड्यात राहतो. घर सुंदर, समोर मेंढ्या, पण बस दिवसातून दोनदा आणि रविवारी तीही नाही. नऊ वर्षांची नात, अविवा, सोमवार ते शुक्रवार शाळेत. शनिवारी आजोबा गाडी काढत नाहीत, रविवारी दुकान सोडत नाहीत आणि आजीला गाडी येत नाही. सुनेची नर्सची ड्यूटी नेमकी वीकेंडला, म्हणून तेही इकडे येऊ शकत नाहीत. मग आजी-नात फोनच्या स्क्रीनवर एकमेकींना टाटा करत बसतात. एकदा अविवाने "आजी, तू खरीखुरी किती उंच आहेस?" असं विचारलं. हे सांगताना वहिनी हसल्या आणि हसता हसता चष्मा पुसायला लागल्या.

त्यात गेल्या वर्षी चीनने टंगस्टन बाहेर पाठवण्यावर परवाने लावले. जगातला बहुतेक टंगस्टन निघतो तिथे. परवाना म्हटलं की उशीर आला, उशीर म्हटलं की टंचाई आली, आणि ज्याला त्याला साठा करायची घाई झाली. भाव दुप्पट झाला, मग त्याच्याही वर गेला. आमचा रॉड देणारा आधी "नेक्स्ट मंथ" म्हणायचा, मग "होपफुली" म्हणायला लागला, मग फोनच घेईना. इथे डेव्हनमध्ये जमिनीखाली टंगस्टन आहे म्हणतात. असेल बापडा! जमिनीखालचा टंगस्टन लेथवर थोडाच लावता येतो?

रॅकवरचे रॉड कमी कमी होत गेले. लेथ दिवसातून दोन तास चालायला लागली. मदतनिसांना मी आळीपाळीने सुट्टी द्यायला लागले. दुकान राहतंय की जातंय, एवढा एकच प्रश्न होता.

अशातच एक दिवस वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं. "वरदा, कुणाला सांगू नकोस. मी मलिदा बोललेय. यांनी एकदाचं दुकान बंद करावं, आपण ऍरनजवळ जाऊन राहावं, मग मी एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन." मलिदा म्हणजे बेने इस्राएल लोकांचा नवस फेडायचा प्रकार. भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती पाच फळं, वर गुलाब. एलियाहू नबीचं, म्हणजे नवसाला पावणाऱ्या त्यांच्या प्रेषिताचं, नाव घेऊन प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं. काय लागतो म्हणून सांगू! मी दर वेळी दोनदा घेते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हाईमभाऊ लेथ पुसता पुसता म्हणाले, "वरदाबाई, तुमच्यापाशीच ठेवा. मी मलिदा बोललोय. कुठूनतरी रॉड येऊ दे, दुकान चालू राहू दे." मी कपाळावर हात मारला, मनातल्या मनात. एकाच घरातून एकाच नबीकडे दोन अर्ज, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. बिचाऱ्या एलियाहूने करावं तरी काय?

मग अंशुमन आला. हाईमभाऊंच्या जुन्या मित्राचा मुलगा, जन्म वॉटफर्डचा, नोकरी लंडनमध्ये धातूंच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीत. पोरगा गुणी आहे, मराठी मात्र जरा ठेचकाळत बोलतो.

"हाईमकाका, मार्केट एकदम वेडी झाली आहे," तो म्हणाला. "डिफेन्सवाले, एरोस्पेसवाले, सगळे माल शोधतात. तुमची सगळी स्टॉक मला द्या. उरलेले रॉड, लेथखालचा कीस, सगळं. यू कॅन रिटायर, काका. आरामात."

"म्हणजे एका बाजूला तोफगोळेवाले आणि दुसऱ्या बाजूला मी आणि डोरीन," हाईमभाऊ म्हणाले.

"ऑनेस्टली? हो."

"आणि नाही दिला तर?"

अंशुमनने रिकाम्या होत आलेल्या रॅककडे बघितलं. "मग थोड्या दिवसांनी रॉडही नसेल आणि गिऱ्हाईकही. सोमवारी मला सांगा, काका. मी प्रेशर करत नाही."

हाईमभाऊ त्याला फाटकापर्यंत सोडून आले. त्याच्या हातावर ठोकळा ठेवायलाही विसरले. तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्या गुरुवारी मी दुपारी त्यांच्या घरी डबे परत करायला गेले. बघते तो काय, ओट्यावर परातीत पोहे भिजलेले, नारळ खवलेला, पाच फळं धुऊन मांडलेली आणि वहिनी चक्क गुणगुणतायत! चेहऱ्यावर असा आनंद की लग्नघर वाटावं.

"मलिदा?" मी विचारलं.

"हो गं! संध्याकाळी ये नक्की. कशाचा ते तेव्हाच सांगणार. यांनासुद्धा माहीत नाही की मी आजच करतेय."

मला काय ते कळून चुकलं. मलिदा नवस पुरा झाल्यावर करतात. आनंद वहिनींना झालाय म्हणजे नवस वहिनींचा पुरा झालाय. म्हणजे हाईमभाऊंनी अंशुमनला हो म्हटलं, बायकोच्या कानात सांगितलं, आणि मला, जिने त्यांची वर्षानुवर्षं बिलं फाडली आणि भांडणं निस्तरली तिला, एका शब्दाने विचारलं नाही! विचारायचं होतंस की, असं म्हणाल तुम्ही. का विचारू? मी काय कुणाच्या दारात उभी आहे? मी "डोकं दुखतंय" म्हणाले, डबे ठेवले आणि तरातरा निघाले.

गाडीत बसले आणि तशाच रागात डार्ट लीगच्या ग्रुपवर मेसेज टाकला. वाकरूळकर बंद होतंय, मेटल मिळत नाही, रविवार शेवटचा, ज्याचे डार्ट दुरुस्तीला असतील त्याने घेऊन जावेत. इंग्रजीत, चांगलं ठसठशीत. ग्रुपवर मिडलंड्समधले झाडून सगळे पब आहेत. हाईमभाऊ ग्रुपवर आहेत, पण ते तो उघडत नाहीत. शुक्रवारी मी रजा टाकली. माझं डोकं तोवर खरंच दुखायला लागलं होतं.

रविवारी सकाळी गेले तर यार्डात ही गर्दी! मला वाटलं, आपले डार्ट न्यायला आलेत. पण सगळ्यांत पुढे डोरीन उभी होती, आता चांगलीच म्हातारी, काठी टेकत, आणि काखोटीला आइस्क्रीमचा डबा. तो तिने दाराशीच असलेल्या माझ्या टेबलावर असा आदळला की माझा चहा हिंदकळला. डबा जुन्या डार्टांनी भरलेला. टोकं मोडलेले, खाचा झिजलेले, तिच्या टीमच्या साऱ्या पिढ्यांचे.

"मेटल नाही म्हणून बंद करताय ना?" ती म्हणाली. "मग हे घ्या मेटल. माझ्या ड्रॉवरमध्ये पडून काय करणार आहे ते?"

तिच्या मागच्याने कोटाच्या खिशातून दोन संच काढले. त्याच्या मागची बाई मोज्यात बांधून घेऊन आली होती. एका पबने तर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा पाठवला होता, तो दोघांनी धरून आणला. लोक फोन करून आणखी लोकांना सांगत होते. माझ्या टेबलावर टंगस्टनचा ढीग व्हायला लागला.

तेवढ्यात आतून गॉगल कपाळावर चढवून हाईमभाऊ बाहेर आले. गर्दी बघून त्यांचा चेहरा पडला. हळूच मला म्हणाले, "वरदाबाई, कोण गेलं हो?"

"दुकान गेलं!" मी कडाडले. "विकलंत ना? मलिदासुद्धा झाला, आणि आम्हाला पत्ता नाही!"

"दुकान विकलं? कुणी?"

"तुम्ही! अंशुमनला!"

"अहो, अंशुमनला सोमवारी सांगायचंय. उद्या. रात्रभर मी छताकडे बघत पडलो होतो, आणि तुम्ही विकून मोकळ्या झालात?" मग एकदम त्यांना हसू फुटलं. "आणि मलिदा? मलिदा कशाचा होता ते माहीत नाही तुम्हाला? गुरुवारी आल्या असतात तर कळलं असतं. थांबा, तीच येतेय. तिलाच विचारा."

यार्डाच्या फाटकातून त्यांची जुनी होंडा आत शिरली. हळू, फार हळू, एखादी नवी नवरी उंबरठा ओलांडते तशी. स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरून, पाठ ताठ करून, जेमिमावहिनी बसल्या होत्या. शेजारच्या सीटवर शिकवायला कुणी नव्हतं.

बाकी सगळे आपापलं बोलत होते, पण डोरीनने मात्र काठी बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरला ड्रायव्हर ओळखतो.

"ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाले," वहिनी काच खाली करून म्हणाल्या. "कितव्यांदा ते विचारू नकोस. विणकामाच्या क्लबला जाते असं सांगून शिकत होते." मग शेजारच्या सीटवरचा डबा नवऱ्याला दिला. "हे तुमचं जेवण. मी चालले अविवाकडे. शाळेत नाही ना ती आज."

मी गाडीच्या खिडकीपाशी वाकले. "पण वहिनी, तुमचा नवस तर..."

"होता ना. दुकान बंद व्हावं म्हणूनच बोलले होते, खोटं कशाला सांगू?" त्या जरा थांबल्या. "मग एकदा यांचा डबा घेऊन आले होते. तू जेवायला गेली होतीस. लेथवर काम काही नव्हतं, रॉडच नव्हता. तरी हे तिच्यापाशी उभे राहून पुसत होते तिला. पुसून झाली की परत पुसत होते. मला बघवलं नाही गं. बाहेरच्या बाहेर परत गेले आणि एलियाहूला म्हटलं, बाबा, तो नवस सोड. मला माझी नात हवी आहे. त्यासाठी यांचं दुकान कशाला बुडायला पाहिजे? त्यापेक्षा मला गाडी येऊ दे."

हाईमभाऊ डबा धरून उभे होते. हे त्यांनाही नवीन होतं. गुरुवारी वहिनींनी फक्त पास झाल्याचं सांगितलं होतं, का शिकल्या ते नाही. त्यांनी गॉगल कपाळावरून काढला, परत घातला आणि दाराशी येऊन अंशुमनला फोन लावला.

"अंशुमन, माल विकायचा नाही. ऐक. माझ्याकडे जुन्या डार्टांचा ढीग पडलाय. सोनाराकडे जुनं सोनं मोडून नवा दागिना करतात, घडणावळ देऊन, तसं होईल का? भंगार द्यायचं आणि बदल्यात रॉड घ्यायचे?"

फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "होईल, काका," अंशुमन म्हणाला. "रीसायकलिंगवाले करतात तसा. जगात कुणाकडेही भंगार असलं तरी आता ते वेलकम आहे. फक्त मिक्स करू नका, ग्रेडप्रमाणे वेगळं करा. बट काका, एवढा भंगार तुमच्याकडे आला कुठून?"

"ते वरदाबाईंना विचार," हाईमभाऊ म्हणाले. मी लगेच डार्ट निवडायला घेतले. कुणीतरी काम करायला हवंच ना.

मी इंग्रजीत सांगितल्यावर सगळ्यांना कळलं की दुकान राहतंय. इंग्रज लोक आरडाओरडा करत नाहीत म्हणतात. कोण म्हणतं? त्या यार्डात येऊन बघायचं होतं. डोरीनने तर माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी खुर्चीतून पुढे सरकले.

वहिनींनी गाडी सुरू केली. ती दोन आचके देऊन बंद पडली. परत सुरू केली. हाईमभाऊ दारात उभे राहून बघत होते. आत लेथ चालू होती, बाहेर माणसं रांगेत उभी होती, दोन दिवसांची कामं टेबलावर पडली होती, आणि रविवार होता. इतक्या वर्षांत या माणसाने रविवारी दुपारी दुकान सोडल्याचं मी पाहिलेलं नाही. मुलाच्या साखरपुड्यालासुद्धा संध्याकाळी पोहोचले होते.

त्यांनी ॲप्रन काढला आणि माझ्या हातात दिला.

"वरदाबाई, दुकान बंद होतंय असं तुम्हीच जगाला सांगितलंत ना?"

"अहो, ते..."

"मग करा की बंद. आज दुपारपुरतं."

आणि ते धावले. सत्तरी उलटलेला माणूस, हातात जेवणाचा डबा, यार्डातून चालत्या गाडीमागे धावला. वहिनींनी करकचून ब्रेक मारला. हाईमभाऊ दार उघडून शेजारच्या सीटवर बसले.

"अहो, तुम्ही कुठे?"

"मीही आजोबा आहे तिचा."

वहिनींनी त्यांच्या हातातला डबा घेऊन मागच्या सीटवर ठेवला. मग म्हणाल्या, "सीटबेल्ट लावा. आणि वाटेत शिकवायचं नाही."

गाडी रांगत रांगत फाटकाबाहेर पडली आणि लेस्टरच्या रस्त्याला लागली. मला इतका आनंद झाला की मी ॲप्रन तोंडाला लावून ढसाढसा रडले. मग आत जाऊन लेथ बंद केली.